घटक ४ : तलाव पाहणे आणि तलाव लिहिणे – नवेगावबांध परिसराच्या निमित्ताने

४.१ प्रास्ताविक

प्रवासवर्णनात प्रवासी महत्त्वाचा असतो, तर स्थलवर्णनात स्थळ. प्रस्तुत घटकात एका प्रत्यक्ष स्थळाच्या आधारे स्थलवर्णनाच्या भाषेचा, विशेषतः तीमधील नामांचा विचार करावयाचा आहे. यासाठी निवडलेले स्थळ म्हणजे पूर्व विदर्भातील नवेगावबांधचा तलाव. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला; तोपर्यंत हा तलाव भंडारा जिल्ह्यात होता. आजही भंडाऱ्याहून साकोलीमार्गे तेथे जाणाऱ्याला जिल्हा बदलल्याचे केवळ रस्त्यावरील पाटीमुळे कळते. पीक, माती, बोली यांत खंड पडत नाही.

या घटकाच्या अभ्यासानंतर एखाद्या परिचित स्थळाचे वर्णन करताना कोणते शब्द निवडावेत आणि का, याचा निर्णय आपणास सकारण घेता यावा, अशी अपेक्षा आहे. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. स्थळांचा आणि कामांचा आपला अनुभव मोठा आहे. लिहिताना मात्र तो अनुभव ज्या शब्दांत साठलेला असतो, तेच शब्द आपण 'अशुद्ध' समजून गाळतो. उत्तरपत्रिका तपासताना ही गोष्ट मला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे, म्हणून हा विषय.

४.२ वाटेवरचा प्रदेश

नागपूरहून येणारा महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली असा पूर्वेकडे जातो. साकोलीच्या पुढे महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळले की वस्ती विरळ होते आणि साग, ऐन, मोह, तेंदू, बांबू यांचे पानझडी जंगल दिसू लागते. मधूनमधून ठेंगण्या टेकड्या आहेत. टेकड्यांच्या पायथ्याशी पाणी, पाण्याच्या खालच्या अंगाला शेते आणि शेतांच्या कडेला गाव, ही मांडणी इतक्या वेळा पुन:पुन्हा दिसते की ती योगायोगाने झालेली नाही हे लक्षात यावे.

शेते कशाची, तर धानाची. कोकणात शेतात उभ्या पिकालाही 'भात' म्हणतात. येथे ते 'धान' असते आणि 'भात' ताटात येतो. धानाचे पाणी अडविण्यासाठी शेताचे जे लहान लहान सपाट तुकडे पाडलेले असतात, त्या प्रत्येकाला 'बांधी' म्हणतात. दोन बांध्यांमधला मातीचा वरंबा म्हणजे 'धुरा'. त्यावर तुरीच्या ओळी लावलेल्या आढळतात. बियाण्यापासून तयार केलेली रोपे म्हणजे 'पऱ्हे', त्यांची लावणी म्हणजे 'रोवणी' आणि रोपे न करता बी थेट फेकून केलेली पेरणी म्हणजे 'आवत्या'. हे शब्द येथे शोभेसाठी दिलेले नाहीत. धान हे पाण्यात उभे राहणारे पीक आहे. पाऊस मात्र चार महिन्यांचा, आणि त्यातही मध्येच उघडीप देणारा. दाणा भरण्याच्या वेळी पाऊस गेला तर पीक हातचे जाते. तलाव आहेत ते या अडचणीवरचा उपाय म्हणून. धानाची शब्दावली समजल्याशिवाय तलावाचे वर्णन करू पाहणे म्हणजे स्वयंपाक न पाहता भांड्याचे वर्णन करणे होय.

४.३ 'बांध' या शब्दाचा अर्थविस्तार

पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात 'बांध' म्हणजे दोन शेतांमधली हद्द. बांधावरून होणारी भांडणे त्याला परिचित असतात. भंडारा-गोंदिया भागात त्या अर्थासाठी 'धुरा' हा शब्द उपलब्ध असल्याने 'बांध' दुसऱ्या कामाला मोकळा राहिला. दोन टेकड्यांमधली खिंड मातीची भिंत घालून बुजविली की मागे पाणी साठते. 'बांध' म्हणजे प्रथम ती भिंत, मग तिने अडविलेले पाणी, आणि अखेरीस त्या पाण्याकाठचे गाव. नवेगावबांध, शिवनीबांध, सिरेगावबांध ही नावे पाहा. अवयवाच्या नावाने संपूर्ण वस्तू ओळखली जाणे, हा लक्षणेचा प्रकार आपण अर्थविचाराच्या घटकात अभ्यासला आहे. येथे तो भूगोलाच्या नकाशावर दिसतो. नवेगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. हे नवेगाव ओळखले जाते ते बांधामुळे.

आता 'सरोवर' हा शब्द घ्या. लोणारला आपण सरोवर म्हणतो आणि ते योग्यच आहे. उल्कापाताने झालेल्या त्या विवराला कोणी पाळ घातलेली नाही. नवेगावबांधला 'सरोवर' म्हणताच मात्र ते कोणीतरी बांधले आहे ही गोष्ट वाक्यातून निघून जाते. 'जलाशय' हा सरकारी कागदपत्रांतील शब्द. तो चुकीचा नाही, परंतु त्याने साठ्याचाच बोध होतो. संस्कृत 'तडाग' शब्दाशी नाते सांगणारा 'तलाव' येथे सर्वांच्या तोंडी आहे. त्याहून लहान साठ्याला 'बोडी' म्हणतात. वरच्या तलावाचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात किंवा बोडीत यावे, तेथून पाटाने बांध्यांत जावे, अशी ती साखळी असते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या तळात जे पीक घेतात, ते 'गाळपेर'. एकाच जागेचे ऋतुमानाप्रमाणे पाणी आणि शेत असे दोन्ही होणे या एका शब्दात सामावले आहे.

४.४ कोणी बांधला?

तलाव बांधण्यासाठी या प्रदेशात कोहळी समाज प्रसिद्ध आहे. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, अशी त्यांच्यातील परंपरा रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात नोंदविली आहे. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पुढे हे कोलू पाटील 'कोलासुर' या नावाने देव झाले. तलावाकाठी त्यांचे ठाणे आहे. भोवतालच्या सात टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि त्यांनी तलाव पुरा करण्यास हातभार लावला अशी श्रद्धा आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ही कथा मोलाची आहे. 'असुर' हे पद येथे निंदाव्यंजक नाही. माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम करणारा, असा त्याचा भाव दिसतो. टेकड्या बहिणी झाल्या यातही एक तांत्रिक सत्य दडलेले आहे: बांध आखूड आणि पाणी विस्तीर्ण, हे साधले ते टेकड्यांनी तिन्ही अंगांना भिंतीचे काम केल्यामुळे. लोककथेने स्थापत्याचे रहस्य नात्याच्या भाषेत सांगितले. तिने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. पाळीवर माती वाहणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे तिच्यात नाहीत. गौरवाच्या भाषेलाही गाळण्याची सवय असते, हे नोंदवून ठेवावे.

४.५ 'मालगुजारी' ते 'मामा'

इंग्रजी अमलात मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत रूढ झाली. 'मालगुजार' हा फारसी समास, सारा भरणारा या अर्थाचा. गावाबरोबर तलावही मालगुजाराकडे गेले. गावकऱ्यांचे पाण्यावरील, गवतावरील, लाकडावरील रिवाजाचे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात लिहिले जात. या हक्कांना 'निस्तार' हा शब्द आजही विदर्भात चालतो. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. तेथील १९५० च्या कायद्यानुसार १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले, त्याचे आद्याक्षरी रूप 'मामा तलाव'.

शब्दसिद्धीच्या अभ्यासात 'मामा' हे उदाहरण अवश्य टिपून ठेवावे. आद्याक्षरांपासून झालेला शब्द सहसा कोरडा असतो. हा अपघाताने आईच्या भावाचा झाला. या जिल्ह्यांबाहेरचा वाचक 'मामा तलावांची दुरुस्ती' असे बातमीत वाचून क्षणभर थबकतो. गंमत अशी की, या जिव्हाळ्याच्या शब्दाने एक दुरावा झाकला जातो. पूर्वीचा तलाव कोणाचा तरी होता, भला अथवा बुरा. मामा तलाव खात्याचा. पाळ कोणी राखायची, गाळ कोणी काढायचा, पाणी कोणाला कधी द्यायचे, याचे निर्णय गावाकडून कार्यालयाकडे गेले, की त्या कामांचे शब्दही गावात कमी ऐकू येऊ लागतात. शब्दकोशात नोंद झाली म्हणून शब्द जगत नाही. त्याला वापरण्याचे काम हवे.

४.६ बोलीचा उच्चार आणि लेखकाचा कान

या भागातील बोलीला झाडीबोली म्हणतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. या बोलीत 'ळ' नाही. त्याच्या जागी 'र' येतो. काळा हा 'कारा' होतो, डोळा 'डोरा', आणि तलावाची पाळ ही 'पार'. प्रमाण मराठीतील 'पार' म्हणजे वडाभोवतीचा ओटा. तो पुल्लिंगी आहे, तर तलावाची 'पार' स्त्रीलिंगी. बाहेरून आलेला लेखक 'पारीवर बसलो होतो' हे ऐकून वहीत वडाचे झाड काढून मोकळा होतो! लिंगाकडे लक्ष दिले असते तर ही फसगत झाली नसती.

ऐकलेल्या शब्दांकडे आदराने पाहणारा लेखक म्हणून मारुती चितमपल्ली यांचे नाव घ्यावे लागेल. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला राहिले. 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकाच्या नावातच ते वास्तव्य आहे. मराठीला त्यांनी 'काकागार', 'सारंगागार' असे संस्कृत वळणाचे शब्द दिले आणि त्याच वेळी जंगलात राहणाऱ्यांकडून पक्ष्यांची, झाडांची नावे टिपली. दोन्ही वाटांनी भाषा समृद्ध होते. माझा कल दुसरीकडे आहे, हे लपविण्याचे कारण नाही.

४.७ दोन परिच्छेद

पुढील परिच्छेद अध्यापनासाठी रचलेले आहेत. ते सावकाश वाचा.

(अ) "घनदाट वनराईच्या कुशीत वसलेले हे निसर्गरम्य सरोवर म्हणजे सृष्टीने मुक्तहस्ताने उधळलेल्या सौंदर्याचा ठेवाच होय. काठावरील जांभळट फुलांची किनार आणि निळ्याशार पाण्यावर विहरणारे पक्षी पाहून मन मोहरून जाते."

(ब) "पारीवर उभे राहिले की एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला धान दिसते. पाणी धानापेक्षा उंचावर आहे. पारीखालून निघालेला पाट बांध्यांकडे गेला आहे. उथळ पाण्यात एक ढीवर डोंग्यातून जाळे ओढतो आहे. त्याच्यापासून थोड्या अंतरावर बदके बसली आहेत. ती उडत नाहीत. काठाला बेशरम माजली आहे."

पहिला परिच्छेद महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाला जसाच्या तसा लावता येतो. त्यात माणूस नाही, काम नाही. दुसऱ्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. तरी पाणी उंचावर असल्याने सिंचन कसे होते ते कळते आणि बदके न उडण्यातून ढीवर व पाखरे यांची जुनी ओळख कळते. 'जांभळट फुलांची किनार' आणि 'बेशरम' ही एकच वनस्पती आहे. परदेशातून आलेले आणि तोडले तरी पुन्हा फुटणारे हे झुडूप तलावांचे काठ बळकावते. ज्यांना ते उपटावे लागते, त्यांनी त्याला हे नाव दिले. पर्यटक त्याचे छायाचित्र काढतो. याउलट तलावाच्या उथळ भागात कोणी न पेरता उगवणाऱ्या रानधानाला 'देवधान' म्हणतात. दोन्ही नावांत निवाडा आहे, आणि तो तलावाशी रोजचा संबंध असलेल्यांनी दिलेला आहे.

तथापि परिच्छेद (ब) हाही आदर्श नमुना नव्हे. एका परिच्छेदात पाच-सहा स्थानिक शब्द आले की अनोळखी वाचक दमतो. शब्द प्रथम येईल तेव्हा त्याचा अर्थ वाक्यातूनच उमगेल अशी रचना करावी. पुढे त्याला अवतरणचिन्हांत ठेवू नये. अवतरणचिन्हांत अडकलेला बोलीशब्द पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

४.८ स्वाध्याय

आपल्या गावातील अथवा परिसरातील एक पाणवठा निवडा: तलाव, बारव, बंधारा, आड, काहीही चालेल. तेथे काम करणाऱ्या वा केलेल्या किमान दोन वयस्क व्यक्तींशी बोला आणि त्यांनी वापरलेले दहा शब्द त्यांच्या उच्चाराप्रमाणे, लिंगासह, लिहून घ्या. यांपैकी कोणते शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आहेत, याचीही नोंद करा. त्यानंतर त्या पाणवठ्याचे सुमारे २५० शब्दांत वर्णन लिहा. 'निसर्गरम्य', 'विलोभनीय' आणि 'मन मोहून टाकणारे' हे शब्द वापरण्यास या स्वाध्यायापुरती मनाई आहे.