जुनी जीप नव्यासारखी करायला घेताय? पार्ट हातात आल्याशिवाय दर सांगू नका!



मागच्या व्हिडिओनंतर माण तालुक्यातून एक प्रश्न आला. "सर, दहिवडीत माझं गॅरेज आहे. एका पार्टीने जुनी पेट्रोल जीप नव्यासारखी करायला दिली. दीड लाखात ठरलं. चार महिने झाले, पार्ट मिळेना, ॲडव्हान्स संपला. काय करू?"

आधी हिशोब बघा. जीपने शेडमधली जागा अडवली. तिथे रोजच्या कामातून महिन्याला १०,००० जरी सुटले असते, तरी चार महिन्यांचे ४०,००० गेले. हा तोटा कुठल्याच बिलात दिसत नाही. चूक हातातल्या कामाची नाही, दर आधी सांगण्याची आहे.

१. गाडी ओळखा

जीप मूळची अमेरिकेतल्या विलीजची. महिंद्राने १९४७ पासून ती मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षं इथेच बनवली. म्हणून तिचे पार्ट इतर जुन्या अमेरिकन गाड्यांपेक्षा सोपे मिळतात. पण फसू नका. सीजे-२ए च्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, सीजे-३बी मध्ये इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये. "जीपचं हेड गॅस्केट द्या" एवढंच सांगितलं तर चुकीचं येणारच.

वडापाच्या धंद्यात कित्येक जीपना नंतर डिझेल इंजिन बसलं. त्यामुळे चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. जुळत नसतील तर आधी कागद, मग पाना!

२. पार्ट शोधायचा क्रम

- बेअरिंग आणि ऑइल सील नावाने नाही, नंबरने मागा. नंबर पुसला असेल तर व्हर्निअरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. त्या मापाचं साध्या दुकानातही मिळून जातं.
- मग जुन्या मिस्त्रींना विचारा, भंगारात बघा. नाहीच मिळालं तर पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी. जुना पार्ट टाकून देऊ नका, नमुना म्हणून तोच सोबत न्या.
- बुश, पिन, ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुन्यावरून बनवून मिळतात. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये मात्र जुगाड नको. ती जीप उद्या शिखर शिंगणापूरचा घाट उतरणार आहे.

३. बोअर करायची घाई नको

पिस्टन वीस, तीस, चाळीस थाऊ अशा ओव्हरसाइजमध्ये येतात. ब्लॉक आधी तीसला बोअर केला आणि बाजारात फक्त चाळीसचे पिस्टन मिळाले, तर पुन्हा बोअर, पुन्हा खर्च. आधी पिस्टन हातात, मग त्याच्या मापाने बोअर. धंद्याचा नियमही हाच.

४. दर तीन टप्प्यांत

पहिला टप्पा: गाडी उघडून तपासायची फी. यातून पार्टची यादी तयार होते.
दुसरा: पार्टचे पैसे गिऱ्हाइकाकडून आगाऊ, बिलाप्रमाणे, आणि शोधण्याची तुमची फी वेगळी. तुमचा वेळ आणि एसटीचं तिकीट फुकट नाही.
तिसरा: मजुरी. पार्ट जमले की मगच हा आकडा सांगा. पेंट सगळ्यात शेवटी.

५. गिऱ्हाइकाला खरं सांगा

२०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अशी गाडी रोज किंवा धंद्यासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. कुणी "लग्नाच्या वरातीला भाड्याने देणार" म्हणाला, तर काम घ्यायच्या आधीच हे सांगा. नंतर सांगितलं की भांडण ठरलेलं.

आता दहिवडीच्या मित्राला उत्तर. फोन टाळू नका. पार्टीला गॅरेजवर बोलवा, चहा पाजा, उघडलेलं इंजिन दाखवा. काय मिळालं, काय राहिलं, किती लागेल, याची यादी लिहून दोघांच्या सह्या घ्या. नाहीच जमलं तर झालेल्या कामाचा हिशोब करून गाडी परत द्या. एक गिऱ्हाईक गेलं तर चालेल, माण छोटा तालुका आहे, नाव जाता कामा नये.

आजचा गृहपाठ: शेडमध्ये महिन्याभरापेक्षा जास्त पडून असलेल्या गाड्या मोजा. प्रत्येकीपुढे अडलेला पार्ट लिहा. कामाला लागा!