‘बोळ’ : एक नाव, दोन द्रव्ये

बहिणाबाई चौधरींच्या असोद्यात एका बाळंतिणीस पाहण्यास आम्ही गेलो होतो. काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली पुडी तिच्या सासूबाईंनी आमच्यापुढे ठेवली. चिठ्ठीवर ‘बोळ’ एवढेच लिहिलेले होते. हवा होता बाळंतबोळ. पुडीत निघाला काळा बोळ. सुदैवाने तो अद्याप दिलेला नव्हता. या प्रसंगामुळे प्रस्तुत शब्दाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

संस्कृत ‘बोल’ म्हणजे गंधरस. हाच हिराबोळ अथवा बाळंतबोळ. गुग्गुळाच्या सगोत्र वृक्षाचा हा निर्यास सोमालिया व अरबस्तानातून येतो. अरबी भाषेत त्यास ‘मुर्र’, म्हणजे कडू, असे नाव आहे. काळा बोळ मात्र कोरफडीचा आटवून घट्ट केलेला रस. यालाच एळिया, मुसब्बर वा कुमारीसार म्हणतात. तमिळमध्येही वेळ्ळैपोळम् (पांढरा) व करियपोळम् (काळा) अशी हीच जोडी आढळते.

अन्यत्र हाच ध्वनी निराळेच अर्थ सांगतो. कन्नडमध्ये ‘बोळु’ म्हणजे केस नसलेले, तुर्कीत ‘बोल’ म्हणजे विपुल, रशियनमध्ये ‘बोल’ म्हणजे वेदना. ग्रीक ‘बोलोस’ म्हणजे ढेकूळ. त्यावरून लॅटिनमध्ये मोठ्या गोळीस ‘बोलस’ व इंग्रजीत औषधी तांबड्या मातीस ‘बोल’ हे नाव पडले. आपल्या मराठीत बोळ म्हणजे अरुंद गल्लीही. या शब्दांची कुळे भिन्न. साम्य केवळ उच्चाराचे. तेथे घोटाळा झाल्यास हसू येईल, औषधालयात झाल्यास रुग्णास भोगावे लागेल.

कारण कुमारीसार तीव्र विरेचक आहे. रजःप्रवर्तिनी वटीत तो हेतुपूर्वक घातला जातो. गर्भिणीस तो वर्ज्य आहे आणि स्तनपान करणाऱ्या मातेसही देऊ नये.

परीक्षा सोपी आहे. हिराबोळाचे खडे तांबूस-पिंगट, खडबडीत व सुगंधी असतात. पाण्यात घोटल्यास दुधाळ, पिवळसर द्रव होतो. काळ्या बोळाचा तुकडा मोडल्यास काचेसारखा चकाकतो, वास अप्रिय असतो आणि उष्ण जलात तो बहुतांशी विरघळतो. चवीवर विसंबू नये, दोन्ही कडूच.

म्हणून वैद्यांनी चिठ्ठीवर ‘हिराबोळ’ किंवा ‘कुमारीसार’ असे पूर्ण नाव लिहावे, औषधालय-चालकांनी दोन्हींच्या बरण्या दूर ठेवाव्यात, आणि नुसते ‘बोळ’ लिहिलेली चिठ्ठी आल्यास विचारल्याशिवाय पुडी बांधू नये, अशी आमची विनंती आहे.