चढाची फ्रेम आणि सपाटीची फ्रेम

सायकल ही आपल्या इतक्या परिचयाची वस्तू आहे, की तिच्याकडे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मी रोज सायकलने महाविद्यालयात येतो, पण शर्यतीत उतरत नाही. आमच्या वर्गातील दोघे-तिघे उतरतात आणि त्यांच्यात वर्षभर एकच वाद चालू आहे : घाट चढण्यासाठी हलकी फ्रेम घ्यावी, की सपाट रस्त्यावर वारा कापणारी? उत्तम प्रतीच्या अशा फ्रेमची किंमत लाखांच्या घरात जाते आणि तो पैसा वडिलांच्या खिशातून यायचा असतो. तेव्हा हा निर्णय जाहिरातींवर न सोपवता कागद-पेन्सिल घेऊन तपासून पाहावा, असे मला वाटले.

प्रथम धातूंचा विचार करू. १९३५ साली इंग्लंडमधील रेनॉल्ड्स कंपनीने मँगेनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या '५३१' या नळ्या बाजारात आणल्या. पुढे कित्येक दशके शर्यतीची सायकल म्हणजे पोलादाची, हे समीकरणच होते. मग ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि कार्बन आले. येथे एक गमतीची गोष्ट आढळते. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आणि घनता पाण्याच्या ७.८ पट. ॲल्युमिनियमचे हेच आकडे ७० व २.७, तर टायटॅनियमचे ११० व ४.५. गुणांकाला घनतेने भागले तर तिन्ही उत्तरे २४ ते २६ यांच्या दरम्यान येतात. म्हणजे वजनाच्या मानाने ताठपणा तिन्ही धातूंत जवळजवळ सारखाच!

मग ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी कशी होते? याचे उत्तर नळीच्या आकारात आहे. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. पोलादाची नळी अशी रुंद करून वजन तेवढेच राखायचे, तर पत्रा इतका पातळ करावा लागतो की धक्क्याने पोचे पडतील. ॲल्युमिनियम मुळातच हलके असल्याने त्याची नळी रुंद करूनही पत्रा पुरेसा जाड राहतो. कार्बनची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे तंतू जिकडे जोर येतो त्या दिशेने बसवता येतात. त्यामुळे पेडलच्या आसापाशी फ्रेम ताठ आणि बैठकीखाली किंचित लवचीक, असे एकाच फ्रेममध्ये साधते. १९८६ साली ग्रेग लेमंड याने कार्बनच्या नळ्यांच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली आणि त्यानंतर हळूहळू पोलादाचे राज्य संपले.

आता चढाचे गणित मांडू. फ्रान्समधील आल्प द्युएझ हा प्रसिद्ध घाट १३.८ किलोमीटर लांब असून त्याला २१ वळणे आहेत. एकूण चढाई सुमारे ११०० मीटर. स्वार, सायकल, कपडे व पाणी मिळून ७५ किलो वजन धरू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागणारे कार्य ७५ × ९.८ × ११००, म्हणजे सुमारे ८ लाख ८ हजार जूल. केवळ चढण्याच्या कामी २२५ वॅट शक्ती लावणाऱ्या तरुणाला यासाठी सुमारे एक तास लागेल. आता सायकल एक किलोने हलकी केली तर १०,७८० जूल वाचतात, म्हणजे ४८ सेकंद. पण आज चढासाठीची उत्तम कार्बन फ्रेम ७००-८०० ग्रॅमची असते आणि वारा कापणारी सुमारे एक किलोची. फरक फार तर ३०० ग्रॅमचा. त्यातून तासाभराच्या चढणीत वाचले किती? सुमारे १४ सेकंद. बाटलीतील अर्धा लिटर पाणी याहून जड असते!

आता वाऱ्याकडे वळू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वरील तरुण घाट ताशी १३.८ किलोमीटर वेगाने चढतो. तोच सपाटीवर ताशी ४० ने जाऊ लागला, तर हवेसाठी सुमारे चोवीसपट शक्ती मोजावी लागेल. म्हणून सपाटीच्या फ्रेमच्या नळ्या गोल न ठेवता मागे निमुळत्या करतात. मात्र हेही विसरून चालणार नाही, की हवेचा बहुतांश रोध स्वाराच्या अंगाचा असतो, सायकलचा थोडाच.

या दोन हिशोबांतली ओढाताण प्रत्यक्ष शर्यतीत पाहायला मिळते. २०२० च्या टूरमध्ये ला प्लांश दे बेल फीय येथे संपणारी ३६.२ किलोमीटरची घड्याळाविरुद्धची शर्यत होती. तादेई पोगाचार याने सपाटीवर खास त्या प्रकारची, वारा कापणारी सायकल वापरली आणि अखेरच्या ५.९ किलोमीटरच्या चढाच्या पायथ्याशी उतरून हलकी सायकल घेतली. थांबण्यात गेलेले सेकंद त्याने चढावर भरून काढले आणि प्रिमोझ रोग्लिच याच्याकडून पिवळी जर्सी हिरावून घेतली. रोग्लिचनेही सायकल बदलली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. फरक फ्रेमचा नव्हता, पायांचा होता.

पुढे २०२५ साली पेरागुदच्या चढावरील अशाच शर्यतीत हाच पोगाचार वारा कापणाऱ्या फ्रेमची साधी रस्त्यावरची सायकल घेऊन उतरला आणि जिंकला. असे का? एक कारण नियमात आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलला ६.८ किलो ही किमान मर्यादा घातली आहे. आता वारा कापणारी सायकलही या मर्यादेजवळ येऊन पोहोचल्याने हलक्या फ्रेमचा फायदा आटला. दुसरे कारण वेगाचे. असा वीर चढावरही ताशी २० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाला हवेसाठी आपल्या तिप्पट शक्ती लागते. म्हणजे त्याच्यासाठी घाटातही वारा आहे. आपल्यासाठी तो नाहीसारखाच.

यावरून शर्यतीत उतरणाऱ्या मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते, की फ्रेम निवडताना वजनाच्या आधी माप पाहावे. आपल्या उंचीला न बसणाऱ्या फ्रेमवर कंबर आणि गुडघे दुखू लागले, की १४ सेकंदांचा हिशोब तिथेच संपतो. सपाट रस्त्यावर शर्यत असेल तर कोपरे वाकवून अंग खाली घेण्याचा सराव करावा; त्याला पैसे पडत नाहीत. आणि घाटात उतरायचेच असेल, तर चोर्ल्याच्या घाटाच्या पायथ्याची व माथ्याची उंची नकाशावरून काढावी, आपले व सायकलचे वजन घ्यावे, चढायला लागलेला वेळ टिपावा आणि वरील रीतीने आपली शक्ती काढावी. तो आकडा सहा महिन्यांच्या सरावाने दहा टक्के वाढला, तर तासाच्या चढणीत पाच मिनिटांहून अधिक वाचतात. इतका वेळ वाचवणारी फ्रेम अजून कोणी बनवलेली नाही.