छोटा ट्रॅक्टर, मोठा हप्ता: डवरणीचा हिशेब

व्हिडिओतला फार्मॉल कब अमेरिकेत 1947 मध्ये आला, लहान शेतकऱ्याच्या घोड्यांची जागा घ्यायला. इंजिन डावीकडे, सीट उजवीकडे. चालकाला पिकाची ओळ सरळ दिसायची. आधी ग्राहकाचं काम पाहिलं, मग मशीन बनवलं.

आता आपलं यवतमाळ. भाड्याने डवरणी करायला छोटा ट्रॅक्टर घेताय? तुमची स्पर्धा बैलजोडीशी आहे. शोरूमच्या आधी वावरात जा, कपाशीच्या दोन तासांतलं अंतर टेपने मोजा.

मग हिशेब. समजा, वर्षाचा हप्ता आणि दुरुस्ती मिळून 90,000 रुपये. 45 दिवस, रोज 5 एकर, म्हणजे 225 एकर. एकरी 400 रुपये इथेच गेले. डिझेल, ड्रायव्हर वेगळे. काळ्या जमिनीत वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर आत जात नाही. असे 15 दिवस गेले, तर उरले 150 एकर आणि खर्च एकरी 600! कपाशी दाटली की डवरणी संपते. हप्ता बाराही महिने.

म्हणून 30 दिवसांच्या कामावर परवडलं, तरच सही करा.

गृहपाठ: तुमच्या गावात बैलजोडीचा एकरी दर किती? कॉमेंटमध्ये लिहा.