आयर्लंडची तत्त्वे आणि आपली ग्रामपंचायत

भारताचे संविधान ही परदेशी राज्यघटनांची नक्कल आहे, हा आक्षेप संविधान सभेचे कामकाज चालू असतानाच घेतला गेला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला उत्तर दिले. राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचीही मालकी नसते, त्या स्वीकारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र घेतलेली कल्पना येथे आल्यावर कशी बदलली, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

संविधानाच्या चौथ्या भागातील निदेशक तत्त्वांचे मूळ आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानात, अनुच्छेद ४५ मध्ये आहे. भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी, कोवळ्या वयाच्या मुलांना आर्थिक गरजेपोटी न पेलणारे काम करावे लागू नये, ही तत्त्वे तेथेही आहेत व आपल्या अनुच्छेद ३९ मध्येही. न्यायालयामार्फत ती अमलात आणता येत नाहीत, हेही दोन्हीकडे सारखेच.

फरक आहे तो जबाबदारीचा. आयर्लंडमध्ये ही तत्त्वे केवळ संसदेच्या मार्गदर्शनासाठी आहेत. आपल्याकडे अनुच्छेद ३७ त्यांना देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत मानतो आणि त्यांचे पालन ‘राज्या’चे कर्तव्य ठरवितो. अनुच्छेद ३६ व १२ एकत्र वाचले असता या ‘राज्य’ शब्दात स्थानिक प्राधिकरणेही येतात. म्हणजे जिल्हा परिषद आली आणि ग्रामपंचायतही आली. सरपंचांच्या हे क्वचितच ध्यानात आणून दिले जाते!

ग्रामपंचायतीविषयीचा अनुच्छेद ४० मात्र आयर्लंडकडून आलेला नाही. मूळ मसुद्यात तो नव्हताच. के. संतानम यांनी २२ नोव्हेंबर १९४८ रोजी तशी दुरुस्ती मांडली. त्याच महिन्यात खेड्यांवर कठोर टीका केलेल्या डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. परंतु उसन्या चौकटीत बसविल्यामुळे तिची मर्यादाही या अनुच्छेदाला चिकटली. महाराष्ट्रात १९५८ व १९६१ च्या कायद्यांनी पंचायत राज्य उभे राहिले. तथापि पंचायतीच्या निवडणुका लांबल्या, तर केवळ अनुच्छेद ४० च्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नव्हती. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून नववा भाग अमलात आला, तेव्हा पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक या गोष्टी बंधनकारक झाल्या. अनुच्छेद ४० चौथ्या भागात पूर्वीच्याच शब्दांत कायम आहे.