गणपती ओळखीचा, नैवेद्य वेगळा

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला मोदक वाहणारा आपल्यापैकी कोणी टोकियोत गेला, तर त्याला तेथेही गणपती भेटेल. असाकुसा भागातील मात्सुचियामा मंदिरात त्याला ‘शोतेन’ म्हणतात आणि वाहतात तो पांढरा मुळा! सुमारे बाराशे वर्षांपूर्वी बौद्ध मंत्रयानाबरोबर तो चीनमार्गे जपानात पोहोचला. मूर्ती मात्र सहसा दर्शनाला खुली नसते.

तेथे राहणाऱ्या मराठी माणसाचा रोजचा अनुभव याहून फारसा निराळा नाही. दाराशी जोडे काढणे, वाकून अभिवादन करणे, जेवणात भात असणे, हे सारे घरचेच वाटते. पण साध्या सारातही बहुधा माशाचा अर्क असतो, कचरा ठरल्या वारीच बाहेर ठेवायचा आणि आगगाडीत मोठ्याने बोलणे असभ्य.

इ. स. २००० च्या सुमारास टोकियोच्या निशिकासाई भागात भारतीय संगणक-अभियंते वसू लागले. त्याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडून आले. त्याआधी ते जपानी शिकले होते, तेथील नागरिक झाले होते.

साम्य आपल्याला दारापर्यंत नेते. आत जायचे, तर त्या घरची रीत शिकावी लागते.