सुट्टीचा हिशेब

"सुट्टीत बघू" हे आपल्या हॉस्टेलचे ब्रीदवाक्य! हायड्रॉलॉजीच्या केटीबद्दल मीही हेच म्हणालो. मे महिना पिक्चर आणि झोपेत गेला, केटी पुन्हा लागली. आता सुटली नाही तर वर्ष ड्रॉप.

म्हणून डिसेंबरात मामांकडे बोरिवलीला राहिलो. नियम एकच : सकाळी दोन तास, एकच विषय. आणि एका रविवारी वही घेऊन कान्हेरीला गेलो. (सोमवारी उद्यान बंद असते.)

इथे काळ्या बेसाल्टात शंभराहून जास्त लेणी आहेत. अनेक लेण्यांजवळ पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. कातळावर खोदलेल्या पन्हाळींतून पावसाचे पाणी त्यात उतरते. घोकलेला 'रनऑफ' समोर दिसला!

तिथेच गणित मांडले. १०० चौ.मी. कातळ, वर्षाला २००० मि.मी. पाऊस, रनऑफ कोएफिशंट ०.८ धरला, तर १,६०,००० लिटर. पावसाळ्यानंतरचे २४० दिवस, माणशी रोज २० लिटर धरले तर ३३ जणांची सोय. अट एवढीच, की टाके तेवढे मोठे हवे. पाऊस भरपूर पडतो हो, साठवायला जागा लागते. याच जंगलातले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव त्याचसाठी बांधले.

पेपरात रनऑफचा प्रश्न आला. केटी सुटली.

सुट्टीचेही तसेच आहे. दिवस भरपूर मिळतात. रोजच्या दोन तासांचे टाके मात्र आपणच खोदायचे.